पाणथळीचे घरमालक



गुरुजींच्या नावाने चालणाऱ्या या व्याख्यानासाठी संस्थेने मला बोलावले, तेव्हा पत्रात विषय सुचवला होता : ‘मध्ययुगीन मराठी काव्यातील निसर्गप्रतिमा’. हा माझ्या प्रबंधाचा विषय. त्यावर मी आयुष्यभर बोललो आहे, आणि खरे सांगायचे तर ऐकणाऱ्यांइतकाच मीही आता त्याला थोडा कंटाळलो आहे. आज त्याच विषयाच्या मागल्या दाराने आत शिरण्याची परवानगी मी मागतो. १९९९ सालच्या जुलै महिन्यात गुरुजींनी माझ्यावर एक काम सोपवले होते. ते मी कसे केले, याचा हिशेब मी त्यांना दिला. शाळेला मात्र कधी दिला नाही.

आपल्यापैकी जे साठीच्या पुढचे आहेत त्यांना गुरुजींची ती निळ्या पुठ्ठ्याची वही आठवत असेल. मराठी आणि भूगोल हे त्यांचे विषय. पण मधल्या सुट्टीत ते मागच्या कुंपणापाशी उभे राहून वहीत काहीतरी टिपीत असत. आम्ही मुले समजायचो की ते आमचे अपराध लिहून ठेवीत आहेत. ते पक्षी लिहीत असत. तारीख, तिथी, पाऊस, पक्ष्याचे मराठी नाव, आणि जवळपास कोणी शेतकरी वा मासेमार असेल तर त्याच्या तोंडचे नाव. ही सवय त्यांना कुठून लागली ते त्यांनी कधी सांगितले नाही. पण तिच्यापायी इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातल्या एका शाळामास्तरांशी त्यांचा पत्रव्यवहार जुळला, आणि तो चौदा-पंधरा वर्षे टिकला. दोघांनी एकमेकांना पाहिलेले नव्हते. निवृत्त झाल्यावर ते गृहस्थ गोव्यात यायला निघाले, तेव्हा गुरुजींचे गुडघे त्यांना अंगणापलीकडे नेत नव्हते. त्यांनी मला निरोप धाडला : पाहुणे येत आहेत, आठ दिवस तुम्ही त्यांना फिरवा.

मी म्हणालो, “गुरुजी, मला कावळा आणि चिमणी यांपलीकडे काही ओळखता येत नाही.” ते म्हणाले, “तुम्ही वाट दाखवा. पक्षी ते पाहतील.”

पाहुणे जुलैत येत आहेत म्हटल्यावर जो तो हसला. गोव्यात पक्षी पाहायला यायचे ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, हे आता सर्वांनाच ठाऊक आहे. थापट्या, तलवारबदक अशी उत्तरेकडून येणारी बदके तेव्हा करमळीच्या तळ्यावर उतरतात. चिखलावर तुतवाऱ्यांची गर्दी असते. जुलैत यातले कोणी नसते. असतो तो पाऊस, आणि तो वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. मी पाहुण्यांना हे पहिल्याच संध्याकाळी अपराधी स्वरात सांगितले. ते म्हणाले, “थंडीतले पाहुणे मी आमच्याकडेही पाहतो. मला इथले घरमालक पाहायचे आहेत, तेही घर बांधताना.” आपल्याकडच्या पाणथळीतील कितीतरी पक्षी पावसातच घरटी करतात, हे मला त्या वाक्यावरून कळले. तोवर मला वाटत असे की पावसाळ्यात पक्षी कुठेतरी निघून जातात, कारण आम्ही खिडक्या लावून घेत असू.

पहिल्या दिवशी आम्ही रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला गेलो. बेटाच्या पश्चिम टोकाला मांडवीच्या काठी डॉ. सालिम अली यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य आहे. १९८८ साली ते घोषित झाले. सारे मिळून १.७८ चौरस किलोमीटर, म्हणजे एखाद्या मोठ्या गावाच्या शिवाराएवढेही नाही. पण आत शिरल्यावर त्याचा अंत लागत नाही, कारण कांदळवन सरळ चालू देत नाही आणि सरळ पाहूही देत नाही. तिवरांच्या पायाशी चिखलात खुंट्या ठोकाव्यात तशी श्वासमुळे उभी, त्यांच्यामधून निवट्या उड्या मारताहेत, वरून पाऊस. छत्री उघडावी तर फांद्यांत अडकते. मिटावी तर दुर्बिणीच्या काचा धुरकटतात. पाहुण्यांनी खिशातून सुती रुमालांचा गठ्ठा काढला आणि एक मला दिला. म्हणाले, “पावसात पक्षी पाहणे म्हणजे निम्मा वेळ काचा पुसणे.”

दुसरी गोष्ट त्यांनी मला शिकवली ती वेळेची. पाऊस चालू असता पक्षी मान आखडून बसलेला असतो. तेव्हा आपणही बसावे. सर थांबली की पुढची दहा-पंधरा मिनिटे महत्त्वाची. सगळे एकदम पिसे झाडायला, खायला, ओरडायला लागतात. आणि नदीकाठी पावसाइतकेच भरती-ओहोटीला मानावे लागते. भरतीला बगळे झाडांवर चढतात, ओहोटीला चिखलावर उतरतात. पाहुण्यांजवळ भरतीच्या वेळांचा छापील तक्ता होता. होडीवाल्याने तो न पाहताच वेळ सांगितली. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो, हा किनारपट्टीतला जुना ढोबळ हिशेब. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते, म्हणून तो जमतो. पाहुण्यांनी त्याला टाळी दिली आणि तक्ता घडी करून ठेवून दिला. मी हा हिशेब पन्नाशीच्या उंबरठ्यावर प्रथमच ऐकत होतो, आणि माझ्या आजोळचे घर नदीपासून शंभर पावलांवर होते.

त्या दिवशी पांढऱ्या गळपट्ट्याचा कांदळातला निळा खंड्या दिसला, ब्राह्मणी घार दिसली, पाणकावळे पंख वाळत घालण्याचा व्यर्थ प्रयत्न करीत होते. मला मात्र आठवतो तो परतीच्या वाटेवरचा प्रसंग. खाजनात नांगरणी चालली होती. नांगरामागे बगळे चालले होते, आणि त्यांचे डोके, मान व पाठ पिवळसर केशरी होती. मी म्हणालो, “हे बगळे नव्हेत.” पाहुणे म्हणाले, “गायबगळेच आहेत. विणीच्या दिवसांत त्यांना हा रंग चढतो.” पांढऱ्या रंगाला बगळ्याची उपमा देणाऱ्या भाषेचा मी प्राध्यापक. हे केशरी बगळे दर आषाढात माझ्या बसच्या खिडकीतून मला दिसत आले असणार. माझ्या डोळ्यांनी त्यांना पांढरे करून घेतले होते.

इथे जरा थांबून माझ्या धंद्याविषयी बोलतो. आमच्या जुन्या कवितेत पक्षी थोडे आणि ठरलेले : चकोर, चातक, हंस, मयूर, कोकिळ. ते संकेत आहेत, त्यांत काही गैर नाही. ज्ञानेश्वरीत चकोर येतो तो श्रोत्याची उत्कंठा सांगायला. तिथे पक्षिशास्त्र शोधणारा मूर्ख ठरेल. पण मी वर्गात चातक वीस वर्षे शिकवला, आणि चातक हा खरोखरीचा पक्षी आहे, डोक्यावर तुरा असलेला काळा-पांढरा कोकिळकुळातला, त्याची एक फळी मान्सूनच्या आगेमागे आफ्रिकेकडून भारतात येते, तो सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो, हे एकाही विद्यार्थ्याला सांगितले नाही, कारण मलाच ठाऊक नव्हते. त्या आठवड्यात चातक आम्हांला दिसला नाही. पावशा मात्र रोज ऐकू आला. त्याच्या चढत्या सुरातल्या हाकेत इंग्रज साहेबाला ‘ब्रेन-फीवर’ ऐकू आले, म्हणजे मेंदूचा ताप. आपल्या शेतकऱ्याला त्याच हाकेत ‘पेरते व्हा’ ऐकू आले. मी हे सांगितले तेव्हा पाहुणे चिखलात थांबले, शब्द दोनदा उच्चारून घेतला, आणि पाठ करीत चालू लागले. त्या आठ दिवसांत मी त्यांना दिलेली कामाची अशी ती एकच गोष्ट असावी. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी संस्कृत ग्रंथांतून आणि रानातल्या माणसांच्या तोंडून अशी नावे गोळा करण्यात जन्म घातला. त्यांची पुस्तके मी तोवर ललित गद्य म्हणून वाचली होती. त्यांच्या वाक्यांची वळणे मी फळ्यावर मांडीत असे आणि पक्षी गाळीत असे.

दुसरा, तिसरा दिवस खाजनांत गेला. खाजन म्हणजे काय हे या सभागृहात सांगण्याची गरज नाही, असे पूर्वी म्हणता आले असते. आता तरुण मंडळींसाठी सांगावे लागते. भरतीखाली जाणारी सखल जमीन शेकडो वर्षांपूर्वी आपल्या गावकऱ्यांनी चिखल, गवत आणि जांभ्या दगडांचे बांध घालून खाडीपासून सोडवली. बांधाला मानस ठेवली. तिची लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आपोआप उघडतात. माणसाने फक्त दुरुस्ती ठेवायची. पावसाने जमिनीतला खार धुऊन निघाला की कोरगुट भात पेरायचे, आणि मानशीच्या तोंडाशी जाळे लावून सुंगटे धरायची. पाहुणे एका मानशीपाशी तासभर बसून राहिले. पक्षी राहिले बाजूला. दारे मिटताना पाहायची होती. तोंडाशी दोन वंचक दबा धरून होते. तेही विणीच्या वेषात, पाठ गडद तपकिरी झालेली. वंचक हे नाव ऐकून पाहुणे खूष झाले. मी त्याचा अर्थ ‘फसवणारा’ असा सांगितला, तेव्हा म्हणाले, “फसतो तो मासा. आपण फसलो तर तो आपला दोष.”

चौथ्या दिवशी मी त्यांना आमच्या गावाखालच्या तळ्यावर नेले. हे तळे प्रसिद्ध नाही. त्याचे नाव मी इथे घेत नाही, त्याचे कारण पुढे कळेल. तिन्ही बाजूंनी भाट, एका बाजूला मातीचा बांध. पाण्यावर साळकांची पाने, कडेला रानभाताचे दाट पट्टे. गुरुजींनी वहीतून पान काढून दिले होते, त्यावर या तळ्याचा नकाशा होता आणि एका जागी फुली : ‘कमळपक्षी, आषाढ-श्रावण.’

कमळपक्षी फुलीपासून वीस पावलांवरच होता. आपल्यापैकी ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांनी कोंबडीच्या पिलाएवढ्या अंगाला कोळ्याचे पाय लावून पाहावेत. बोटे इतकी लांब की वजन पसरते आणि पक्षी तरंगत्या पानांवरून चालतो. हा कांस्यपंखी जातीचा, डोळ्यांवर पांढरी रेघ असलेला. पाहुण्यांनी तिपाईवरची दुर्बीण लावली आणि पुष्कळ वेळाने मला बोलावले. पानांच्या ओल्या गादीवर पक्षी बसला होता. “हा बाप आहे,” ते म्हणाले. कमळपक्ष्यांत मादी अंगाने मोठी. ती एकापेक्षा अधिक नरांशी जोडी जमवते, अंडी घालते आणि पुढच्या नराकडे जाते. उबवणे आणि पिले वाढवणे नराकडे. धोका दिसला की तो पिलांना पंखाखाली दाबून उचलतो, आणि मग पाहणाऱ्याला एकाच पक्ष्याला आठ-दहा पाय दिसतात.

पाहुणे तृप्त होते. हे मी आज सांगू शकतो; तेव्हा मला ते ओळखता आले नाही. रानभाताच्या पट्ट्याआडून घरटे अर्धेच दिसत होते, अंडी दिसत नव्हती, आणि माझ्या मनाने घेतले की सात समुद्र ओलांडून आलेल्या माणसाला आपण अर्धेच दाखवीत आहोत. बांधापासून पाण्यात एक जुना बुडालेला मेर गेला होता. त्यावरून पंधरा-वीस पावले जाऊन पट्टा जरासा वाकवला तर बांधावरून सारे उघडे दिसले असते. मी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली. तळ्याची राखण करणारा माणूस घोंगडीची खोळ घेऊन बांधावर बसला होता. तो उठून म्हणाला, “माश्टर, फुडें वचूं नाकात.” मला वाटले, तो पाण्याच्या खोलीविषयी सांगतो आहे. “मला पोहता येते,” असे मी त्याला मराठीत उत्तर दिले. पाहुण्यांनीही मागून हाक मारली. पण ती मला उत्साहाची वाटली.

नर गादीवरून उतरला आणि तुरुतुरु दूर गेला. मी पट्टा वाकवला, वाकवून मोडला, आणि अंडी पाहिली. चार होती. चकाकत्या तांब्यासारखा रंग, आणि वर काळ्या शाईने वेडेवाकडे गिरवल्यासारख्या रेघा. मी वळून हात उंचावला, चार बोटे दाखवली.

तेवढ्यात मोठी सर आली. मी बांधावर परतलो आणि आम्ही तिघेही राखण्याच्या झापांच्या खोपीत बसलो. पाहुणे काही बोलत नव्हते. पाऊस असा होता की समोरचा माड दिसत नव्हता. राखणा म्हणाला, “तो येता, पूण आडोसो ना.” एवढेच. सर ओसरायला अर्धा तास लागला असेल. पाहुण्यांनी दुर्बीण लावली, पाहिले, आणि बाजूला झाले. मी डोळा लावला. गादीवर दोन कावळे होते.

मी पाहुण्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, “माझी नव्हे.” पण ते कठोरपणे म्हणाले असे नाही. मग त्यांनी आपला ओला रुमाल पिळून पुन्हा मला दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी विश्रांती घेतली, आणि उरलेले दिवस आम्ही हमरस्त्याच्या कडेनेच हिंडलो. लाजऱ्या पाणकोंबड्यांची विहिरीतून यावी तशी गुरगुर ऐकली, जांभळ्या पाणकोंबड्या पाहिल्या, संध्याकाळी शीळ घालीत जाणाऱ्या अडयांचा थवा पाहिला. मी कुठेही रस्ता सोडला नाही.

आठव्या दिवशी पाहुणे गुरुजींच्या ओसरीवर बसले. दोन वृद्ध शाळामास्तर, एकमेकांच्या पत्रांतली पाखरे तपासत. पाहुण्यांनी चोडण सांगितले, मानस सांगितली, ‘पेरते व्हा’ म्हणून दाखवले. कमळपक्षी सांगताना म्हणाले, “नर अंड्यांवर बसलेला पाहिला,” आणि पुढच्या पक्ष्याकडे वळले. मला वाचवले होते. मी रात्रभर त्या मोठेपणाखाली तळमळलो. पाहुणे विमानात बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गुरुजींकडे जाऊन सगळे सांगितले.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते, असे माझ्या मनात आले. त्यांनी वही मागवली, चष्मा लावला आणि विचारले, “तारीख?” मी सांगितली. “अंडी किती?” “चार.” “तुम्ही नक्की मोजली?” “हो.” त्यांनी लिहिले आणि वही माझ्याकडे सरकवली. ओळ अशी होती : ‘कमळपक्षी. अंडी ४. गेली. कारण : माणूस.’ मी विचारले, “माझे नाव नाही लिहिले?” ते म्हणाले, “वहीत माणसांची नावे नसतात.”

भाद्रपदात मी एकटा तळ्यावर गेलो. बांध सोडला नाही. राखण्याच्या शेजारी बसलो आणि त्याने दाखवावे तेवढेच पाहिले. तळ्याच्या दुसऱ्या टोकाला एक कमळपक्षी पानांवरून चालला होता आणि त्याच्या पंखांखालून बारीक पाय लोंबत होते. मी पाच जोड्या मोजल्या, पण पक्षी चालत होता, तेव्हा खात्री नाही. गुरुजींना मी हर्षभराने सांगितले, “तोच नर असावा.” ते म्हणाले, “‘तोच’ असे लिहू नका. ‘एक’ असे लिहा.” मग वही माझ्या हाती देऊन म्हणाले, “आता लिहायला तुमचेच डोळे.” त्या दिवसापासून वहीत माझे अक्षर सुरू होते. गुरुजी २००४ साली गेले.

पुढच्या गोष्टी थोडक्यात. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण वाहती झाली आणि करमळीच्या तळ्याजवळून गाड्या जाऊ लागल्या, तेव्हा तळे संपले असे आम्ही म्हणत होतो. तसे झाले नाही, पण गुरुजींच्या आणि माझ्या टिपणांतले आकडे शेजारी मांडले तर हायसे वाटावे असेही ते नाहीत. कुडचड्याजवळच्या नंदा तळ्याला २०२२ साली रामसर यादीत स्थान मिळाले, गोव्यातले ते पहिले. आनंद आहे. आमच्या गावाखालच्या तळ्याला कोणतीच यादी नाही. हल्ली दर रविवारी तिथे मोबाईल घेतलेली मुले येतात आणि ‘जरा जवळून’ म्हणत मेरावर पाय टाकतात. मी ओरडतो. त्यांना वाटते, म्हातारा पाण्याच्या खोलीविषयी बोलतो आहे.

ती निळी वही मी आज सोबत आणली आहे आणि मुख्याध्यापिकाबाईंच्या स्वाधीन करीत आहे. १९६३ ते गेल्या महिन्यापर्यंतच्या नोंदी तिच्यात व तिला जोडलेल्या चार वह्यांत आहेत. शेवटच्या वहीत साठेक पाने कोरी आहेत. तळ्यांचे नकाशे मी वेगळ्या लखोट्यात घातले आहेत. तो लखोटा मागेल त्याला देऊ नये. मागणारा आधी चार रविवार बांधावर बसला तर द्यावा. एक विनंती ग्रंथपालांना : पावसाळ्यात या वह्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवू नयेत, तिथे ओल येते. आम्ही विद्यार्थी असतानाही येत असे.